खोलीच्या तापमानाला

नळीवर चिठ्ठी आहे: थंड करू नये,
खोलीच्या तापमानाला ठेवावे.
बाहेर उणे अकरा. दुपारचे बारा वाजलेत
आणि ट्रोम्सोवर निळसर काळोख, दीड महिना झाला.
किर्केनेसचं विमान वाऱ्याने दोनदा परतवलं.

तिसऱ्या खेपेला रक्त आलं.
डबा उघडला तर जांभळ्या झाकणांच्या चार नळ्या
एका हातविणीच्या मोज्यात.
एकच मोजा. टाचेला रफू केलेला.
ओदलाउग म्हणाली, नियमात बसत नाही हे.
मग तिनेच तो हीटरवर वाळत घातला.

कागदावर: राउद्ना, वय एकोणीस.
प्लेटलेट दीड लाख तरी हव्यात, तिथे सहा हजार.
पोटऱ्यांवर लाल ठिपके, दात घासताना रक्त.
खाली डॉक्टरांच्या अक्षरात:
रेनडियरांच्या कळपामागे बर्फगाडी चालवते.
त्याखाली, ठळक: चालवू नये.

प्लेटलेट आठ-दहा दिवस जगते.
हिच्या काही तासही टिकत नाहीत,
प्लीहा निमूट गिळत राहते.
हिच्याच रक्ताने घडवलेली अँटिबॉडी
हिच्याच पेशींवर जाऊन बसते.
आपलेच दात, आपलेच ओठ.

मला एवढंच शोधायचं असतं, कुठे बसली.
पण ते सांगणार त्या पेशीच,
आणि त्याच तर संपत आल्यात.
चार नळ्या फिरवल्यावर तळाशी जे उरलं
ते काचेवर फुंकर घातल्यासारखं.
धुतलं. पुन्हा धुतलं.
तिसऱ्यांदा धुताना हात आखडला,
की हेही वाहून जाईल.

मग ठरलेली वाट.
उंदराच्या अँटिबॉडीने पेशीवरचं प्रथिन धरायचं,
पेशी फोडायची,
बकरीच्या अँटिबॉडीने त्या उंदराला तळाशी बांधायचं,
लहान मुलांच्या गोष्टीत असतात तसे उंदीर, बकरी,
आणि त्यांच्यामध्ये कुठेतरी एक मुलगी.
शेवटी रंग सोडायचा आणि थांबायचं.

खात्रीच्या खळग्यात पिवळा चढला, झरझर.
तिचे खळगे पाण्यासारखे.
मी प्लेट दिव्याकडे तिरकी धरली.
एकात काहीतरी होतं, किंवा माझ्या डोळ्यांत होतं.
यंत्र म्हणालं, शून्य पूर्णांक अकरा.
यंत्राला डोळे नसतात, त्याचं ऐकावं लागतं.

टाइप केलं:
अँटिबॉडी आढळल्या नाहीत.
यावरून आजार नाही असे म्हणता येत नाही.
चौदा वर्षांत हे दुसरं वाक्य
बोटांना इतकं पाठ झालंय
की आज ते मी वाचलं, आणि दचकले.

फोनवर तिथली नर्स, रांदी.
औषध परवाच सुरू केलं, म्हणाली,
सकाळी एकतीस हजार, आत्ता जेवतेय.
कागदाची वाट बघून चालत नाही ना.
मग ही सगळी धावाधाव कशासाठी,
असं मी विचारलं नाही, पण तिला ऐकू गेलं.
तिला हवं होतं ते, म्हणाली, राउद्नाला.
त्यांच्यात वासराच्या कानाला खाच पाडतात,
प्रत्येक घराची वेगळी.
धावत्या कळपातून आपलं जनावर
ती कानावरून ओळखते, अंधारातसुद्धा.
विचारत होती,
माझं रक्त माझी खाच वाचायला चुकतंय का?

चुकतंय, मी म्हटलं.
कुठली खाच, ते दिसलं नाही.
पलीकडे कुणीतरी ताट उचलल्याचा आवाज.

आता पेशी वाढल्यात तर पुन्हा पाठवा,
एवढ्यात नको, तिला सवड मिळू दे.
आणि मोजा टपालाने पाठवते आहे.
नळ्या त्यातच घाला.
ओदलाउगला सांगू नका.